परतीचं डिझेल

या पृथ्वीवर एकही वस्तू फुकट हलत नाही, ही गोष्ट आमच्या दाजींइतकी मनापासून पटलेला दुसरा माणूस झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. ते हसनाबादला राहतात आणि मालाची एक छोटी पांढरी गाडी चालवतात. गाव तिला टेम्पो म्हणतं, दाजी नुसतं ‘ती’ म्हणतात. झाडावरून पान गळून खाली आलं तरी त्याचा खर्च कोणीतरी सोसलेला असणार, अशा नजरेनं ते पानाकडे बघतात. एकदा आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो आणि समोरून एक मोठा ढग भोकरदनच्या दिशेनं चालला होता. मी पुस्तक मिटून त्याच्याकडे बघत राहिलो. दाजीही बघत राहिले. बऱ्याच वेळानं सुस्कारा टाकून म्हणाले, "भरून चालला. येताना रिकामाच यील बिचारा."

त्यांच्या हिशोबाची सुरुवात डिझेलपासून कधीच होत नाही. डिझेल हा त्यांच्या मते नवशिक्यांचा खर्च. "डिझेल तर दिसतं पाव्हणे," ते मला समजावतात, "दिसणाऱ्या खर्चाला भ्यायचं न्हाई. न दिसणारा खर्चा माणसाला खाली बसवतो." न दिसणाऱ्या खर्चात टायरची झीज येते, विमा येतो, टॅक्स येतो, पासिंग येतं, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं थकणं येतं. इथपर्यंत कोणीही गाडीवाला पोचेल. दाजी त्याच्या पुढं जातात. उन्हाळ्यात वारं तोंडावर घेऊन जायचं असेल, तर वाऱ्याचे वेगळे. हॉर्नचे वेगळे, कारण हॉर्न बॅटरी खातो आणि बॅटरी पैसे खाते. म्हणून ते हॉर्न वाजवतच नाहीत, खिडकीतून मान बाहेर काढून "ओ म्हशीवाले!" अशी हाक मारतात. त्या हाकांनी घसा बसला की आक्का खडीसाखर द्यायची, आणि ही खडीसाखर गाडीच्या खर्चात धरावी की घरच्या, यावर दाजी बरेच दिवस गप्प गप्प होते. गाडी दारात उभी असली तरी त्यांना चैन नाही. दुपारी जेवून आडवे झाले की अचानक डोळे उघडून म्हणतात, "आपण झोपलो पाव्हणे, पण विमा झोपत न्हाई. त्याचं तिकडं चालूच हाय."

हा सगळा हिशोब त्यांनी कागदावर कधी केला नाही. गाडीच्या अंगावरच्या धुळीत बोटानं आकडे मांडायचे आणि झालं की तळहातानं पुसायचे, ही त्यांची पद्धत. त्यामुळे गाडीची एक बाजू नेहमी स्वच्छ आणि दुसरी मळलेली असते. पावसाळ्यात धूळ नसल्यामुळे भाडं सांगायला जास्त वेळ लागतो, हे गावानं समजुतीनं घेतलेलं आहे.

भाडं विचारायला आलेल्या माणसाची काय गत व्हायची, ते मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. एकदा शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. त्यांना लोखंडी कपाट राजूरला, लेकीच्या घरी पोचवायचं होतं.

"मामा, काय घ्याल?"

"जायचे सांगू का जाऊन-यायचे?"

"कपाट जाणार हाय मामा. ते वापस कशाला यील?"

"कपाट न्हाई येणार. मी तर यीन ना? का मलाबी तिकडंच ठेवून घेतेत तुमचे सोयरे?"

गृहस्थ हसले. दाजी हसले नाहीत. ते गाडीपाशी गेले, धुळीत बोट टेकवलं आणि सांगू लागले. जाताना कोण काय नेतो ते सगळ्यांना दिसतं. येताना गाडीत काहीच नसतं, पण रस्ता तेवढाच असतो, खड्डे तेवढेच असतात आणि डिझेल जवळपास तेवढंच. "खरा खर्चा परतीचा हाय," दाजी म्हणाले. "जाताना मानसं सोबत येतेत, ‘हळू घ्या मामा, जपून घ्या मामा’ म्हनतेत. येताना कुनी विचारत न्हाई, मामा, कसे जाल म्हनून." आकडे दरवाजापासून मागच्या चाकापर्यंत पोचले. तिथं वाऱ्याचा हिशोब लागेना म्हणून दाजी थांबले, आकाशाकडं बघू लागले, आणि तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून आक्काचा खणखणीत आवाज आला,

"पाचशे द्या अन् घेऊन जा कपाट!"

दाजींनी तळहातानं सगळी धूळ पुसून टाकली. "आतून आलं," ते म्हणाले. "आता माझ्या हातात काही ऱ्हायलं न्हाई." आणि कपाट चढवायला लागले.

ही दर वेळची रीत होती. दाजी मांडायचे, आक्का मोडायची. एवढ्या विचारानं मांडलेल्या हिशोबाचं उत्तर आक्का चुलीपाशी बसून एका दमात कसं काढते, याचं मला फार कुतूहल होतं. मी तिला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "कशाचा हिशोब रे?" ती म्हणाली. "हितून ओट्यावरच्या मानसाचे निस्ते पाय दिसतेत. चपला बघते अन् सांगते." मी वाकून पाहिलं. खरंच, तिच्या जागेवरून दाराच्या पडद्याखाली वीतभर उजेड दिसत होता आणि त्या उजेडात फक्त पाय. मी सगळं आयुष्य जालन्यातल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात काढलं. तिथं मी माणसं त्यांनी मागितलेल्या पुस्तकांवरून ओळखायचो. आक्काची खिडकी माझ्या खिडकीपेक्षा लहान होती, एवढाच फरक असेल.

दाजींच्या शेजारी बसून प्रवास करणं हा एक वेगळाच अनुभव आहे. ब्रेक दाबणं म्हणजे पैसे देऊन कमावलेला वेग रस्त्यावर फेकून देणं, असं त्यांचं मत. त्यामुळे गतिरोधक येण्याच्या कितीतरी आधी, तो दिसायच्याही आधी, ते पाय उचलतात आणि गाडीला तिच्या मनासारखं जाऊ देतात. मग गाडी चालत नाही, वाहत जाते. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, मधेच मोसंबीच्या बागेचा गार वास, दूर एखाद्या टेकडीवर कसलंसं पांढरं देऊळ, आणि आपण त्या सगळ्यातून आवाज न करता तरंगत चाललेले. सायकलवाला मागून येऊन पुढं निघून जातो आणि जाताना दाजींना रामराम करतो. उतारावर त्यांचा चेहरा उजळतो. "हे फुकट हाय," ते हळूच सांगतात, जणू कोणी ऐकलं तर त्यावरही टॅक्स बसेल. मग जरा वेळानं उदास होऊन म्हणतात, "पण येताना हाच चढ हाय."

परतीच्या या दुःखावर उपाय आक्कानं काढला होता. आपल्याकडे शेजारणीनं डब्यातून काही दिलं तर तो डबा कोणी रिकामा परत करत नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आक्कानं हाच नियम गाडीला लावला. "दुसऱ्याचा डबा आपन रिकामा देत न्हाई, मंग आपलीच गाडी आपल्या दारात रिकामी कशी आनायची?" असं तिचं म्हणणं. घरचं काम आटोपलेलं असलं की ती पुढच्या सीटवर बसून दाजींबरोबर निघायची आणि परतीच्या वाटेवर गाडीत काहीतरी घातल्याशिवाय घराकडं वळू द्यायची नाही. कधी कडबा, कधी राजूरच्या गणपतीहून पायी परतणाऱ्या बायका, कधी बाजारात मागं राहिलेली डागाळलेली मोसंबी. एकदा तीन पायांचा पलंग आला. एकदा एक वासरू आलं, आणि ते कोणाचं आहे हे शोधायला दुसऱ्या दिवशी पुन्हा डिझेल लागलं.

आणि काहीच मिळालं नाही तर रस्त्याकडेचा दगड. हा दगड दाजींच्या अगदी जिव्हारी लागायचा. "अगं, दगडाला वजन असतं. वजनाला डिझेल लागतं."

"लागू द्या. रिकाम्याला लागत न्हाई का?"

त्यांच्याच हिशोबातलं वाक्य ती त्यांना परत देत असे. परसात शेवग्याच्या झाडाभोवती अशा दगडांचं वेडंवाकडं आळं तयार झालेलं आहे. काळे, तांबूस, एखादा चुनखडीचा. आक्काला प्रत्येक दगड कुठल्या फेरीचा ते ठाऊक होतं. दुपारी शेवग्याच्या सावलीत बसून ती मला सांगायची, "ह्यो बदनापूरचा. ह्यो त्या पोरीच्या आंदनाच्या वख्ताचा, तवा गाडी चिखलात फसल्ती." मी ऐकत असे आणि डोक्यावर शेवग्याची पांढरी फुलं पडत असत.

मागच्या हिवाळ्यात आक्का गेली. जालन्याच्या दवाखान्यात जाताना ती पुढच्या सीटवर बसूनच गेली होती; गतिरोधकापाशी दाजींनी लवकर पाय उचलला नाही म्हणून त्यांना बोललीही होती. तिला घरी आणलं ते दवाखान्याच्या गाडीतून. दाजी आपली गाडी घेऊन मागून एकटे आले. आक्काला घेऊन निघालेली ती गाडी त्या दिवशी पहिल्यांदा रिकामी घरी आली.

तेव्हापासून दाजी परतीचं काहीच घेईनासे झाले. वाटेत कोणी हात केला तरी गाडी थांबेना. कडबा फुकट देतो म्हटलं तरी नको. आणि दुसरं म्हणजे, त्यांचा हिशोब संपेनासा झाला. माणूस भाडं विचारायला येई, दाजी धुळीत आकडे मांडत मागच्या चाकापर्यंत पोचत आणि तिथं थांबत. आकाशाकडे बघत. ते कशासाठी थांबले आहेत हे त्यांच्या लक्षात नसे, पण आलेल्या माणसाच्या लक्षात असे. तोही जरा वेळ घराच्या दाराकडे बघे. आतून काही येत नसे. मग "बरं मामा, सांगतो नंतर," असं पुटपुटून तो निघून जाई. ती न सांगितलेली भाडी दुसऱ्या गाड्यांना जाऊ लागली.

पुण्याहून भाच्याचा, म्हणजे आक्का-दाजींच्या मुलाचा, फोन मला आला. तो शहाणा आणि मायाळू मुलगा आहे. तो म्हणाला, "मामा, गाडी नुसती उभी राहून खातीये. विमा भरायचा आलाय, पासिंग आलंय. गाडी विकू, बाबांना मी इकडं घेऊन येतो. एकटं किती दिवस ठेवायचं? तुम्ही जरा जाऊन त्यांना तयार करा." त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. गाडी विकली की दाजी पुण्याच्या सदनिकेत, आणि हसनाबादच्या घराला कुलूप. मी पिशवीत चार पुस्तकं घातली आणि गेलो. मला दाजींना तयार करायचं होतं, पण ओट्यावर बसल्यावर माझ्या तोंडून तो विषय निघेना. आम्ही दोघं ढग बघत बसायचो.

भाच्यानं गिऱ्हाईकही शोधलं होतं, आष्टीचे एक मध्यमवयीन गृहस्थ. ते आले, गाडीभोवती फिरले, खाली वाकून पाहिलं, समाधानानं मान हलवली. दाजींनी त्यांना चहा दिला आणि मग, विकणाऱ्याचं कर्तव्य म्हणून, गाडी बाळगायचा खरा खर्च सांगायला घेतला. टायर झाले. विमा झाला. वारं झालं. हॉर्न आला तेव्हा गृहस्थांनी कप खाली ठेवला.

"मामा, तुम्ही गाडी विकून राह्यले का मला भेव दाखवून राह्यले?"

"फसवून विकू का?" दाजी दुखावून म्हणाले. "अजून तर परतीचं सांगितलंच न्हाई."

परतीचं ऐकून झालं. गृहस्थ मोठ्या धीराचे होते. "ते सगळं राहू द्या. एकदम शेवटचा आकडा बोला, म्या आत्ता इसार देऊन जातो."

दाजी गाडीकडे वळले. धुळीत बोट टेकवलं, काही मांडलं, काही खोडलं, आणि मागच्या चाकापाशी थांबले. गृहस्थांना वाटलं, मोठा विचार चालला आहे. मला ठाऊक होतं, काहीच चाललेलं नाही. शेवग्यावर कुठला तरी पक्षी बोलत होता. तेवढाच आवाज. अखेर गृहस्थ उठले आणि "चार दिवसांनी फोन करतो, तवर ठरवा बराबर," असं सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत, चुलीशेजारी आक्काच्या जागेवर बसलो होतो. मुद्दाम नव्हे, तिथं पुस्तकावर उजेड चांगला येतो. बाहेर कोणीतरी आलं. बोलण्यावरून कळलं, लेकीचं लग्न आहे, आंदणाचं सामान भोकरदनच्या पुढं पोचवायचं आहे. पलंग, कपाट, भांडी.

"जायचे सांगू का जाऊन-यायचे?" दाजींनी विचारलं. आवाजात नेहमीची धार नव्हती.

"तुमी जे सांगाल ते मामा. पर सांगा. लोक म्हनतेत, मामा आता भाडं सांगत न्हाईत."

दाजी सांगू लागले. मी वाचत होतो, आणि वाचता वाचता कधी थांबलो ते कळलं नाही. पडद्याखालच्या वीतभर उजेडात दोन पाय दिसत होते. टाचा भेगाळलेल्या. चपलेचा एक पट्टा तारेनं बांधलेला, आणि ती तार बोटाला लागू नये म्हणून तिच्यावर चिंधी गुंडाळलेली. बाहेर दाजींचा आवाज मागच्या चाकापर्यंत आला आणि थांबला. पाय थांबले. बराच वेळ थांबले. मग एक पाय हळूच मागं सरकला, दुसरा वळला.

सगळी नोकरी मी लोकांना "हळू बोला" असं सांगण्यात घालवली आहे. माझा स्वतःचा मोठा आवाज कसा असतो, हे मला माहीत नव्हतं. तो फाटका निघाला आणि जरुरीपेक्षा बराच मोठा.

"चारशे द्या अन् घेऊन जा!"

पाय जिथल्या तिथं राहिले. मला वाटलं, आता दाजी आत येतील आणि मला काय उत्तर द्यावं लागेल कोण जाणे. मग गाडीच्या पत्र्यावरून तळहात फिरल्याचा आवाज आला, एकदा, लांबलचक.

"आतून आलं," दाजी म्हणाले. "सामान कवा चढवायचं?"

ते गृहस्थ गेल्यावर दाजी पडदा सारून दारात उभे राहिले. माझ्याकडे, माझ्या बसण्याच्या जागेकडे बघत राहिले. मी पुस्तकात बघत होतो.

"पाव्हणे," ते म्हणाले, "चारशे?"

"जास्त झाले का?"

"चारशात आता गाडी भोकरदनकडं तोंड बी करत न्हाई. तुमच्या पुस्तकात डिझेल अजून जुन्याच भावानं मिळून राह्यलं का?"

"मग वाढवून सांगा ना त्यांना."

"आतून आलेलं बदलत न्हाई," दाजी म्हणाले, आणि पडदा सोडून गेले. जरा वेळानं बाहेरून आवाज आला, "पुढल्या टायमाला चपला बघा, पर जरा रस्ता बी बघा!"

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही ते सामान पोचवलं. निघताना पुढच्या सीटपाशी मी घुटमळलो. "बसा," दाजी म्हणाले. "उभ्यानं आले तरी डिझेल तेवढंच लागतं." मी बसलो. गाडी गतिरोधकांच्या आधीच स्वप्नात गेल्यासारखी मंदावत, उतारांवरून फुकट उतरत चालली. मागं भांडी एकमेकांना हळू लागत होती.

सामान उतरवून परत निघालो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वाटेत दाजींचा फोन वाजला. त्यांनी तो न बघताच माझ्या हातात दिला. आष्टीचे गृहस्थ विचारत होते, शेवटचा आकडा काय ठरला? मी दाजींकडे पाहिलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

"सांगा त्यांना," ते म्हणाले, "आकडा काही आला न्हाई आतून."

मी तसंच सांगितलं. त्यांना ते कितपत कळलं, मला माहीत नाही. भाच्याला मात्र रात्री नीट समजावून सांगावं लागणार होतं. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की विमा आणि पासिंग या दोन शब्दांनी मीही आता दचकतो आहे. जालन्याच्या खोलीत माझी वाट बघणारं काही नव्हतं. हसनाबादला पडद्याखाली उजेड तरी होता.

पुढं रस्ता रिकामा होता. गतिरोधक नव्हता, म्हैस नव्हती, कोणी हातही केला नव्हता, तरी दाजींनी पाय उचलला. गाडी वाहत वाहत कडेला आली आणि एका कापलेल्या शेताच्या बांधाशी थांबली. दाजी उतरले. बांधावर बरेच दगड होते. त्यांनी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला, हातात तोलला. मी बघत होतो. तो काही फार मोठा नव्हता, पण वजनदार होता. डिझेल लागेल एवढा नक्कीच होता.

मी मागचा फाळका उघडायला उतरू लागलो, तर ते खिडकीपाशी आले.

"मागं नगं," ते म्हणाले. "एकटाच गडगडत बसंल. तुमच्यापाशी धरा."

त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता. पुढं चढ लागला, गाडीनं कण्हत तो घेतला, आणि दाजींनी त्याचा हिशोब काढला नाही. मी दोन्ही हातांनी तो दगड धरून बसलो होतो, आणि हसनाबादची झाडं दिसू लागेपर्यंत तो कोमटच होता.